मामाचा चुकलेला अंदाज

प्रभादेवी,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय उन्मेषमामा,

नमस्कार. वाकून केला आहे असं धर. समोर असते तर तू अर्ध्यातच खांदा धरून उठवलं असतंस.

प्रभादेवीहून ठाकूरद्वारला पत्र, म्हणजे पोस्टमनलाही गंमत वाटेल. आत्ता खाली उतरून टॅक्सी केली तर पत्राच्या आधी मीच पोचेन. पण फोनवर तुझ्याशी जरा अवघड काही बोलायला घेतलं की "पेशंट आलाय, ठेवतो" म्हणतोस, आणि समोर बसले की मामी वाढायला घेते. पत्रात पेशंट येत नाही. तेव्हा दुपारी क्लिनिक बंद केलंस की वाच, आणि सलग वाच.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, तरी मंगळवारी सिद्धिविनायकाला चालतच जाते आणि येताना टॅक्सी करते. जाताना टॅक्सी केली तर पुण्य कापून घेतात असं काहीतरी तिचं गणित आहे. बाबा सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगांना जातात आणि घरी येऊन दोन्ही बाजूंची भाषणं एकट्याने करून दाखवतात. मामीने गेल्या शनिवारी आणलेलं कोलंबीचं भानोलं आईने लपवून ठेवलं होतं, ते बाबांना सापडलं. त्यावरून थोडं वाजलं.

मामी शनिवारी येऊन गेली हे तुला माहीतच आहे. काय बोलून गेली ते बहुधा माहीत नसेल. त्यावर येते. आधी मला दुसरं सांगू दे.

तुझ्या इंटरनेटवरच्या कार्यक्रमाखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मी सगळं वाचलं. "डॉक्टर, ह्या वेळी भुलीचं इंजेक्शन स्वतःलाच टोचलंत का?" हे त्यातल्या त्यात बरं. एकाने लिहिलंय की "डॉक्टरांचा अंदाज" हे नाव बदलून "डॉक्टरांचा गैरसमज" ठेवा. आणि तू प्रत्येकाच्या खाली शांतपणे उत्तर दिलं आहेस: "चुकलो. पुढच्या वेळी बघू." ते "चुकलो" मी इतक्यांदा वाचलं की मला तो शब्द ओळखता येईनासा झाला.

मामा, तू चुकत नाहीस असं नाही. पण तू असा चुकत नाहीस. दर नोव्हेंबरात तोमोरी कंपनी आपल्या कन्सोलवर पुढच्या वर्षी कोणते गेम आणणार ते जाहीर करते, आणि जगभरचे लोक त्याआधी ओरडून ओरडून अंदाज करतात. त्यात गिरगावातला एक दातांचा डॉक्टर रिकाम्या क्लिनिकमध्ये माइक लावून बसतो आणि मराठीत, सावकाश, समजावून सांगतो की हे येईल, हे येणार नाही, आणि का. तुझ्यासारखं "का" कुणीच सांगत नाही. बाकीचे स्वतःला जे हवं ते येणार म्हणतात. तू त्या कंपनीत बसलेल्या माणसांचा विचार करतोस. हा गेम बनवणारी बाई आता पन्नाशीची असेल, तिला पुन्हा तीच लढाई रंगवावीशी वाटेल का? नव्या यंत्राचा पडदा रुंद केलाय, तर त्यावर पहिल्यांदा काय दाखवावंसं वाटेल? मी अकरा वर्षांची होते तेव्हा तुझ्या वेटिंग रूमच्या टीव्हीला तो कन्सोल जोडून तू मला म्हणाला होतास, "कंपनी काय बोलते ते ऐकू नकोस. काय बोलायचं टाळते ते ऐक." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. मला फक्त "टाइडकीपर" खेळायचा होता.

मे महिन्याची सुट्टी म्हणजे माझ्यासाठी ते क्लिनिक. शटर अर्धं ओढलेलं, लवंगेच्या तेलाचा वास, आणि पडद्यावर दीपगृहात एकटी राहणारी ती मुलगी, जिला भरती यायच्या आत दिवा लावायचा असतो. खडकांवरून उड्या तू मारायचास, दिवा मी लावायचे. दुसरा भाग संपवल्यावर तू म्हणालास, तिसरा येईल तेव्हा तू कॉलेजात असशील. मी कॉलेज संपवलं, नोकरी धरली, सोडली, दुसरी धरली. तिसरा भाग आला नाही. तरी दरवर्षी अंदाजाच्या दिवशी तुझ्या शेजारी स्टुलावर बसून लोकांचे प्रश्न वाचायचं काम माझं. आणि तू काहीही म्हणालास तरी "शक्यच नाही" म्हणायचं कामही माझंच.

ह्या वर्षी मी आले नाही. ऑफिसात काम आहे म्हटलं. तू "बरं" म्हणालास, एकदाही आग्रह केला नाहीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता नोकरीचं सांगते. आई सगळ्यांना सांगते की जुई लोअर परळला बँकांची माहितीपत्रकं मराठीत करते. जूनपर्यंत ते खरं होतं. जूनमध्ये आमच्या स्टुडिओकडे नवं काम आलं, आमच्यातल्या तिघींना वेगळ्या खोलीत बसवलं, बाहेर फोन ठेवायला कपाट दिलं, आणि घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही अशा कागदावर सही घेतली. मला नवरा नाही म्हणून मला सोपं, असं रुपाली म्हणाली. रुपाली आमची मॅनेजर. त्या खोलीत पहिल्याच दिवशी पडद्यावर ती मुलगी आली, मामा. तीच. मोठी झालेली, केस कापलेले, त्याच दीपगृहाच्या दारात उभी. मी रुपालीला बाथरूमला जाते म्हणून सांगितलं आणि जिन्यात जाऊन रडले. तुला फोन करता येत नव्हता. जगात एकाच माणसाला सांगायची गोष्ट होती, आणि त्याच माणसाला सांगायची नव्हती.

"टाइडकीपर"च्या तिसऱ्या भागाचं मराठी मी केलंय. आता जाहीर झालंय म्हणून सांगू शकते. भाषांच्या यादीत शेवटून दुसरी "मराठी" आली तेव्हा तू घरी बघत असशील. त्या जाहिरातीत ती मुलगी म्हाताऱ्या नावाड्याला म्हणते ना, "काका, अजून भरती यायची आहे", ते वाक्य माझं. मी आधी "मामा" लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी शेरा मारला की मुंबईत अनोळखी माणसाला मामा म्हटलं तर लोकांना वाटेल तो हवालदार आहे. मी बरीच भांडले. शेवटी काकाच झाला. ह्याबद्दल तू मला बोल, मी ऐकून घेईन.

आता तो रविवार. गणपती उरकल्यावरचा. तू, मामी आणि मी जेवायला बसलो होतो. तू भात कालवता कालवता अंदाजांच्या यादीला हात घातलास. म्हणालास, ह्या वेळी टाइडकीपर येणार. तोमोरीने उन्हाळ्यात जुने दोन्ही भाग आपल्या ऑनलाइन दुकानातून गुपचूप काढून घेतले, नवा माल मांडायचा असल्याशिवाय कुठला दुकानदार चालता माल फळीवरून काढतो? त्या गेमचं संगीत करणारा म्हातारा निवृत्त झाला होता, त्याने अचानक आपल्या गावच्या मैफली रद्द केल्या. आणि तोमोरीने आजवर प्रत्येक नवं यंत्र एकट्या माणसाच्या गोष्टीने सुरू केलंय, शर्यतीने किंवा मारामारीने कधीच नाही. मग जरा थांबून म्हणालास, "आणि मला वेडा म्हणा, पण ह्या वेळी त्यात मराठी असेल. लोअर परळमधल्या कुणीतरी गेमचे संवाद तपासायला मराठी माणूस हवा म्हणून जाहिरात दिली होती. शेवग्याची शेंग वाढ गं."

मी काय करायला हवं होतं? "शक्यच नाही" म्हणायला हवं होतं. दरवर्षी म्हणते. पण ते खोटं ठरलं असतं, आणि तुझ्याशी खोटं मला बोलता येईना. "हो" म्हणता येत नव्हतं. मी ताटाकडे बघत राहिले. मग पाणी आणायला उठले. पाण्याचा तांब्या टेबलावरच होता, तो भरलेला होता, हे मला स्वयंपाकघरात गेल्यावर आठवलं. परत आले तेव्हा तू मामीला पारशी वाडीतल्या कुणाच्या तरी कवळीची गोष्ट सांगत होतास. गेमचा विषय तू त्यानंतर काढला नाहीस. मला वाटलं, सुटले.

पुढच्या आठवड्यात तुझा कार्यक्रम आला. मी तो ऐकलाच नाही. ऐकायची भीती वाटली. तुझं बरोबर असेल ह्याची भीती.

ऑक्टोबरात एका परदेशी साइटवर आमच्या कामातलं एक चित्र फुटलं. त्या मुलीचं, नव्या रूपातलं. दुसऱ्या दिवशी तोमोरीची एक बाई सिंगापूरहून पडद्यावर आली आणि आम्हा प्रत्येकीला एकेकटीला खोलीत बोलावलं. शेजारी रुपाली. त्या बाईने विचारलं की तुमच्या घरात, मित्रांत, गेम्सबद्दल जाहीर बोलणारं कुणी आहे का. मी म्हटलं, माझा मामा. ती म्हणाली, आम्हाला माहीत आहे. तुझ्या कार्यक्रमाचं पान तिच्याकडे उघडंच होतं. मागच्या वर्षीच्या भागात माझा आवाज आहे, हेही तिला माहीत होतं. मग ती रुपालीला म्हणाली, ह्या वर्षीचा भाग तुम्ही ऐका आणि मला सांगा.

रुपालीने माझ्यासमोर हेडफोन लावून सगळा भाग ऐकला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. मामा, तुझ्या पेशंटच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटत होतं, काय निघणार ते आपल्याला दिसत नाही आणि समोरचा बघून गप्प. मला खात्री होती की तू सगळं बरोबर सांगितलं असशील. तू आपल्या डोक्याने काढलंस हे कोण मानणार होतं? माझी नोकरी गेली असती ते एक. पण पुढे कुठल्याच स्टुडिओने मला दारात उभं केलं नसतं.

रुपालीने हेडफोन काढले. इंग्रजीत सांगितलं, "हे डॉक्टर म्हणतात की टाइडकीपर मेला. कंपनीने तो पुरला आणि जे अजून वाट बघतायत त्यांनी घरी जावं. ह्या वर्षी मोटारींची शर्यत आणि फुटबॉल येणार. यांचं एकही बरोबर नाही." ती सिंगापूरची बाई हसली. मोकळं, सुटल्यासारखं हसली. तिने तुझं पान बंद केलं आणि मला जायला सांगितलं.

मीही हसले, मामा. तिच्याबरोबर. ते मला अजून खुपतं.

नंतर कळलं, चित्र दुसऱ्याच देशातून फुटलं होतं. पण त्या दिवशी मी घरी येईपर्यंत एकच विचार करत होते, की तुझं मत फिरलं कसं. जेवताना टाइडकीपर येणार म्हणून शेंग मागणारा माणूस आठवड्यात तो पुरून कसा मोकळा झाला? मी स्वतःची समजूत घातली की नवीन काहीतरी तुझ्या कानावर आलं असेल. तू म्हातारा होतोयस, असंही मनात आलं. तेही लिहून टाकते.

मग जाहीर झालं, लोक तुला हसले, आणि गेल्या शनिवारी मामी आली. आई खाली फुलवालीकडे गेली होती. मामी ओट्याशी उभी राहून डबा रिकामा करत होती. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, मामाला फार लागलं असेल ना गं, चुकल्याचं? तिने डबा खाली ठेवला.

"जुई, तुझा मामा चुकला नाही. त्याने चुकून दाखवलं."

मग तिने सांगितलं. तू तो कार्यक्रम दोनदा केलास. पहिल्या दिवशी सगळं खरं बोललास, टाइडकीपर, संगीतवाला म्हातारा, मराठीसुद्धा. ती बाहेर बाकावर बसून ऐकत होती. म्हणाली, इतका सुंदर तो कधी बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते पुसलंस आणि पुन्हा शटर ओढून बसलास, आणि बाहेर तिला वेगळंच ऐकू यायला लागलं. बाहेर आलास तेव्हा तिने विचारलं, हे काय केलंस? तू म्हणालास, "पोरगी माझ्यासमोर पहिल्यांदा वाद न घालता उठली, सुनेत्रा. ती आत आहे. मी बरोबर सांगितलं तर उद्या विचारतील तिला." मामीने म्हटलं, मग ह्या वर्षी करूच नकोस कार्यक्रम. त्यावर म्हणालास, "दरवर्षी बोलणारा एकदम गप्प बसला, तर त्यावरूनही लोक ओळखतात."

मामीने मला शपथ घातली होती की तुला कळू देऊ नकोस. मी शपथ घेतली नाही, नुसती मान हलवली. तू तिला रागावू नकोस. ती म्हणाली, लोक त्याला हसतात ते मला ऐकवत नाही, कुणालातरी खरं माहीत असू दे.

मामा, मी तुला लहानपणापासून हुशार म्हणत आले. मला वाटायचं हुशारी म्हणजे बरोबर ओळखणं. सतरा वर्षं ज्या एका गेमची तू वाट बघितलीस, तो येतोय हे जगात सगळ्यांच्या आधी, कुणीही न सांगता ओळखलंस. कुणाच्याही आयुष्यात असा एखादाच दिवस येतो. तो तू पुसलास, वर चारचौघांत "चुकलो" म्हणालास, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाहीस. मला ह्यापुढे तुझ्याबद्दल काय म्हणायचं तेच कळत नाही. मराठी करायचा पगार घेते, आणि शब्द सापडत नाही.

सोमवारी मी रुपालीकडे गेले. आधी वाटलं होतं, तुझं नाव साफ व्हावं म्हणून लोकांना सगळं सांगून टाकावं. पण ते तुला नको असणार, आणि त्याने तुझं केलेलं सगळं वाया जाईल. म्हणून मी तिला एवढंच म्हटलं की माझा मामा स्वतःच्या डोक्याने अंदाज काढतो, तो पुढच्या वर्षी बरोबर निघेल, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि त्याबद्दल मला कुणी खोलीत बोलावू नये. रुपाली कोरडी आहे, पण सरळ आहे. तिने विचारलं, "ते अंदाज काढतात तेव्हा तू कुठे असतेस?"

"शेजारी," मी म्हटलं.

"मग शेजारी राहू नकोस. तेवढंच मला वर लिहून देता येईल."

तिने लिहून दिलं. वरून होकार आला. तू हवं ते बोलू शकतोस, मामा, खरं तेच, मोठ्याने. तुझ्यामुळे मला कुणी विचारणार नाही. मला कायम करून घेतलंय, आणि पुढचं काम सुरूही झालंय. ते कोणतं, हे सांगणार नाही, आणि तू विचारणार नाहीस.

हे सांगायलाच पत्र घेतलं होतं, आणि इतकी पानं त्याच्या आजूबाजूनेच फिरले. मी आता अंदाजाच्या दिवशी येणार नाही. ह्या वर्षीपुरतं नाही, ही नोकरी आहे तोवर. ते स्टूल मामीला दे, प्रश्न ती छान वाचेल. आणि फक्त त्या दिवशीच नाही. जेवताना, फोनवर, जिन्यात, कुठेही तू माझ्यासमोर तोमोरीचं नाव काढायचं नाहीस. मी काही बोलले तरी तुला कळेल, नाही बोलले तरी कळेल. तुझ्यासमोर माझा चेहरा मला सांभाळता येत नाही हे सिद्ध झालंय.

रविवारी जेवायला येईनच. पण बोलायचं काय, ते मला अजून सुचलेलं नाही. आजवर तू आणि मी दुसरं काही बोललो आहोत का, हे मी आठवून बघतेय. तुझ्या लहानपणाबद्दल मला काही माहीत नाही. तू दातांचा डॉक्टर का झालास हेही कधी विचारलं नाही. मी कुणाच्या प्रेमात पडले होते हे तुला माहीत नाही, आणि ती गोष्ट बरीच लांब आहे. तेव्हा येत्या रविवारी तिथून सुरू करू. तू आधी, की मी, ते तू ठरव.

आणि पुढच्या वर्षी, मामा, बरोबर सांग. मी ऐकणार नाही, पण तू बरोबर सांग.

तुझ्या अंदाजाबाहेर राहायला निघालेली, तरी तुझीच,

जुई